श्रीलंकेला निघालेलं कोहळं

मी एक जुना भोपळा आहे. 'आहे' म्हणावं की 'होतो', यावर वाद घालता येईल, पण तो शेवटासाठी राखून ठेवू. भाजी कुठे जुनी असते का, असं तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणालंच असेल. मित्रांनो, मेथी संध्याकाळपर्यंत मान टाकते आणि टमाटे आठवडाभरात रडायला लागतात, पण पक्का झालेला भोपळा नीट ठेवला तर महिनोन् महिने टिकतो. शहरात मला लाल भोपळा म्हणतात. आमच्या वऱ्हाडात मी कोहळं. परीक्षेत शून्य मिळालं की तुम्ही माझं नाव घेता, तेही मला ठाऊक आहे. मी ते मनाला लावून घेत नाही. जाड सालीचा एवढा तरी फायदा असावा.

माझा जन्म शेलूबाजारचा, ललिताबाईंच्या परसातला. त्यांच्या न्हाणीच्या पत्र्यावर आमचा वेल चढलेला होता आणि मी त्या पत्र्यावर ऐसपैस पसरलो होतो. ललिताबाई पन्नाशी ओलांडलेल्या. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवतात. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेली. घरात बोलायला माणूस नाही, म्हणून त्या पाणी घालताना वेलाशी बोलतात. वेलाला कान नसतात असं तुम्हाला वाटत असेल. पण आमची पानं एवढी मोठी असतात की ऐकायचं काही राहून जात नाही.

त्यांच्याच तोंडून मला कळलं की आमच्या बियांचं घराणं लातूरकडचं. ललिताबाईंचं माहेर तिकडे. त्या लग्नाच्या वयाच्या होत्या तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. त्यांचं दगडमातीचं घर खाली बसलं आणि धाकटा भाऊ त्यात गेला. पुढे त्या सासरी वऱ्हाडात आल्या, तेव्हा माहेरच्या दोनच वस्तू त्यांच्यासोबत होत्या. एक म्हणजे गोठ्याच्या आढ्याला टांगल्यामुळे वाचलेल्या गाडग्यातलं कोहळ्याचं बी. दुसरी वस्तू एक राखाडी ब्लँकेट, आणि ते खरं तर घरचं नव्हतंच. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातल्या एका ख्रिस्ती मंडळीनं ते पाठवलं होतं. देशाचं नाव कुणाला आठवत नाही. पण ब्लँकेटच्या कोपऱ्यात कुणीतरी निळ्या दोऱ्यानं पाच पाकळ्यांचं एक फूल भरलं होतं. कारखान्यात तसं फूल भरत नाहीत. कुण्या बाईनं घरी बसून, वेळ काढून ते भरलं होतं.

"त्या टायमाले रडूही येत नव्हतं," ललिताबाई वेलाला सांगायच्या. "ते फूल पाह्यलं अन् मंग रडू आलं. वाटलं, आपल्यासाठी कोनीतरी सुई हातात घेतली."

तेव्हापासून दरवर्षी त्या वेलावरचं एक फळ निवडतात आणि ते कोवळं असतानाच त्यावर बाभळीच्या काट्यानं तसंच फूल काढतात. यंदा माझी निवड झाली. मी तेव्हा मुठीएवढा होतो. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण साल भरून आली, मी वाढत गेलो आणि माझ्यासोबत फूलही वाढत गेलं. मी घागरीएवढा झालो तेव्हा ते तळहाताएवढं झालं होतं. शेजारची फळं माझ्याकडे बघून तोंड फिरवत. रूपवान असण्याचा थोडा त्रास सोसावाच लागतो.

फुलाचं कोहळं दरवर्षी मंडळीच्या हंगामाच्या सणाला जातं. आमची मंडळी, म्हणजे ललिताबाईंचं चर्च, बारकीशी. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं मंदिर, आत क्रूस, दोन सतरंज्या आणि एक पेटी. पीक घरात आलं की एका रविवारी ज्याच्या शेतात-परसात जे पिकलं त्यातलं थोडं तो देवापुढे आणून ठेवतो. सोयाबीन, संत्री, कोंबडी, अंडी, कुणाची गवाराची जुडी. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. या लिलावाची एक रीत आहे. जो वस्तू घेतो तो ती घरी नेत नाही. 'परत देवाले' म्हणतो आणि पुन्हा लिलावात ठेवतो. एकच कोंबडी दहा जण विकत घेतात आणि शेवटी ती कुणाच्या घरी जाते हे कोंबडीलाही कळत नाही.

आणखी एक रीत सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. आमच्याकडे बाई अख्खं कोहळं चिरत नाही. पहिला घाव पुरुषाचा, मग बाई हवं तसं चिरते. का, ते कुणी सांगू शकत नाही. ललिताबाईंच्या घरी पुरुष नाही, म्हणून शेजारचे रऊफभाई ते काम करतात. रऊफभाई गाद्या भरणारे. कापूस पिंजता पिंजता त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या आहेत. 'रऊफभाई, जरा कोहळ्याले हात लावून देजा,' अशी हाक गेली की ते अंग झटकत येतात, बिस्मिल्ला म्हणून सुरा घालतात आणि बोंडं, म्हणजे कोहळ्याची गोड भजी, तळून झाली की वाटीभर घेऊन जातात. ख्रिस्ती बाईचं कोहळं, हिंदू शेजाऱ्यांची रीत आणि मुसलमान भाऊ. यात काही वेगळं आहे असं त्या गल्लीत कुणाच्या मनातही येत नाही.

तर मित्रांनो, मी पत्र्यावरून उतरलो, सणाची वाट पाहत ओसरीत बसलो आणि तेवढ्यात श्रीलंकेत वादळ आलं. नुसता पूर नव्हे, डोंगरच्या डोंगर खचले. चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्यांची घरं चिखलाखाली गेली. शेजारच्या टीव्हीवर एक मुलगी चिखलात हातानं उकरत होती. ललिताबाई ते बघून घरी आल्या, ट्रंक उघडली, ते जुनं ब्लँकेट मांडीवर घेऊन बसल्या.

रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, मदतीचं आवाहन केलं. पुढच्या दोन दिवसांत मंदिरात स्वेटर, साड्या, चादरी, तुरीच्या डाळीच्या पिशव्या असा ढीग लागला. ललिताबाई मला कमरेवर घेऊन आल्या आणि त्या ढिगात ठेवलं.

"बाई, हे तं सणाचं कोहळं ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"यंदा सणाचं नाई. श्रीलंकेचं."

मागे कुणीतरी हसलं. ललिताबाईंनी मान वळवली नाही. "हसू नका. समजून उमजून आनलं मी. बोटीनं महिना लागला तरी सडत नाई हे. तिकडच्या लेकरायले बोंडं होतील."

खरं सांगू? माझी छाती फुगली. लातूर सोडल्यापासून आमच्या घराण्यात जवळच्या मेडशी गावापलीकडे कुणी गेलं नव्हतं, आणि मी समुद्र ओलांडणार होतो. रात्रभर मी बोटीचाच विचार करत होतो.

पाळकसाहेबांनी मंडळ्यांच्या मदतसंस्थेला फोन लावला. पलीकडून एक बाई बोलत होत्या आणि शांतपणे सांगत होत्या की वस्तू पाठवू नका. इथून तिथं पोचेपर्यंत वस्तूच्या किमतीहून भाडं जास्त होतं, आणि आलेलं सामान निवडण्यात तिथल्या माणसांचे दिवस जातात. तिथल्या मंडळ्या कामाला लागल्या आहेत, कुणाला काय हवं ते त्यांनाच कळतं. त्यांना पैसे पाठवा, म्हणजे त्या जवळच्या बाजारातूनच घेतील.

पाळकसाहेबांनी हे सगळ्यांना सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. ललिताबाईंनी डोलावली नाही.

"साहेब, मले ब्लँकेट आलं होतं. नोट नाई आली. नोटेवर कोनाचा हात दिसते काय?"

पाळकसाहेब तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. ते सतरंजीवर त्यांच्या समोर बसले. "बाई, तुमच्या गावात तवा जे जे आलं, ते सगळंच कामाचं होतं काय?"

ललिताबाईंना खोटं बोलता येत नाही. "नाई," त्या म्हणाल्या. "कोट आले होते. उंच टाचेच्या चपला आल्या होत्या. कोनाले कामाच्या? रस्त्याच्या कडेनं ढीग पडले, पावसात सडले. जेवनाचा ट्रक त्या ढिगापायी अडकला होता, अन् लेकरं तिकडं भुकेली बसून." मग आवाज खाली आला. "पन माहं ब्लँकेट पोचलं होतं, साहेब."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ललिताबाईंना पुण्य नको होतं की नाव नको होतं. आपल्या हातचं काहीतरी त्या अनोळखी बाईच्या हाती पडावं, एवढंच त्यांना हवं होतं. इतकी वर्षं त्या त्याची वाट बघत होत्या. आता ते होणार नव्हतं. त्यांनी मला ढिगातून उचललं आणि लिलावाच्या सामानात ठेवलं. "घ्या," एवढंच म्हणाल्या. माझी बोट किनाऱ्यालाच बुडाली.

कपडे आसेगावच्या वीटभट्टीवरच्या कुटुंबांना गेले. सणाचा पैसा यंदा मंदिराच्या गळक्या पत्र्यांसाठी ठेवायचं ठरलेलं होतं. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी म्हाताऱ्या नानाजींनी वर पत्र्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आपल्या डोक्यावर भोकाचा का होईना, पत्रा हाय." पैसा श्रीलंकेला जायचं ठरलं.

सणाच्या दिवशी अंगण भरलं. बाजारातली माणसंही बघायला थांबली. त्यात किराणा दुकानवाले पदमचंदजी होते. लिलाव दिसला की त्यांचा पाय पुढे जात नाही. माझी पाळी आली तेव्हा मला टेबलावर फूल पुढे करून ठेवलं. बोली लागली, चढली आणि चढता चढता पदमचंदजींवर येऊन थांबली. आकडा सांगत नाही, पण भोपळ्यानं लाजावं एवढा होता. टाळ्या वाजल्या. आता ते 'परत देवाले' म्हणतील म्हणून सगळे थांबले.

पदमचंदजींनी पैसे दिले, मला उचललं, स्कूटरच्या पुढच्या भागात दोन पायांत ठेवलं आणि किक मारली.

त्यांची काय चूक? ते काही मंडळीतले नव्हते. त्यांच्या धंद्यात पैसा दिला की माल आपला. इकडे पाळकसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. पदमचंदजींना थांबवणार कोण? एवढे पैसे देणाऱ्या माणसाला 'ती वस्तू परत द्या' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? स्कूटर वळताना मला ललिताबाई दिसल्या. त्या हात हलवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

पदमचंदजींच्या घरी माझे हाल झाले नाहीत. पण अंगुरीबाई, त्यांची बायको, मला चिरायला देईना. तिनं माझ्या फुलावरून बोट फिरवलं. "हे कोनाच्यातरी मनातलं दिसते," ती म्हणाली. "विचारल्याबिगर सुरा नाई लावायचा याले." दोन दिवसांनी रऊफभाई त्यांच्याकडे गादी पोचवायला आले आणि मला ओसरीत बघून उभेच राहिले.

"भाभी, हे इथं काहून?"

"लिलावात घेतलं यायनं."

रऊफभाई गादी खाली ठेवून हसायला लागले, इतके की भुवयांवरचा कापूस उडाला. "अहो, हे घरी न्यावाले नाई घेत. परत द्यावाले घेतात." मग हसू थांबलं. त्यांनी ब्लँकेटची गोष्ट सांगितली, किल्लारीची सांगितली, श्रीलंकेची सांगितली. पदमचंदजी आतून ऐकत होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"मी तं त्याईच्या देवाचं कोहळं उचलून आनलं की काय?" ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी पदमचंदजींनी मला दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि स्वतः स्टुलावर चढले. "ऐका बाप्पा. माह्याकून चूक झाली. आता ती सगळ्यांनी मिळून निस्तरा." आणि त्यांनी लिलाव सुरू केला. मित्रांनो, असा बाजार मी पुन्हा बघणार नाही. तूर विकायला आलेले शेतकरी, कापडवाले, जीपचे ड्रायव्हर, ज्याला त्याला मी हवा होतो आणि कुणालाच मी नको होतो. उदयसिंग नावाच्या एका ड्रायव्हरनं भरलेली जीप तशीच उभी ठेवून बोली लावली. आतल्या बाया ओरडत होत्या. तो म्हणाला, "ओरडू नका, तुमी पन एक एक बोली लावा." त्यांनीही लावली. दर वेळी पैसे डब्यात पडत आणि मी काउंटरवरच राहत असे. मी इतक्या वेळा विकला गेलो की माझा मालक कोण हे सांगायला वकील लागला असता. शेवटची बोली रऊफभाईंची. त्यांच्या पुढे कुणी बोललं नाही. तो डबा पाळकसाहेबांच्या हाती गेला आणि तिथून मदतसंस्थेकडे.

रऊफभाईंनी मला हातगाडीवर कापसाच्या गाठोड्यांत बसवून ललिताबाईंच्या दारात आणलं. "घ्या आपा, तुमचं कोहळं. आता चिरू?"

"राहू द्या," ललिताबाई म्हणाल्या.

त्यांनी मला खोलीतल्या फळीवर ठेवलं, फूल भिंतीकडे करून. मला वाईट वाटलं. बाजारभर माझं कौतुक झालं होतं आणि घरी माझं तोंड भिंतीला लागलं. पण मला त्यांचं कळत होतं. पैसा गेला, चांगला गेला, हे त्यांना मान्य होतं. फक्त त्यात आपला हात कुठे आहे, हे त्यांना सापडत नव्हतं. नाताळ झाला, संक्रांत झाली. माझ्यावर धूळ बसली. एक पाल माझ्या देठाशी राहायला आली आणि आमची बऱ्यापैकी ओळख झाली.

मग एका रविवारी दुपारी पाळकसाहेब स्वतः घरी आले. सोबत रऊफभाईही होते, दारातच भेटलेले. पाळकसाहेबांच्या फोनवर एक फोटो होता. मदतसंस्थेनं सगळ्या मंडळ्यांना पाठवलेला.

"बाई, हे पाहा. त्या डोंगरावरच्या मंडळीचं मंदिर हाय. ज्यांची घरं गेली ते तिथंच राहून राह्यले. अजूनही रोज एकत्र स्वयंपाक होते. आपल्यासारख्या लई मंडळ्यांचा पैसा गेला त्यात. भाजी आजूबाजूच्या शेतकऱ्यायकूनच घेतात. त्याईचंही नुकसान झालं ना वादळात, तं त्याईलेही गिऱ्हाईक भेटलं."

ललिताबाईंनी चष्मा लावला. फोन जवळ धरला, लांब धरला.

"साहेब, हा ढीग कायचा हाय?"

पाळकसाहेबांनी फोटो मोठा केला. "कोहळे," ते म्हणाले, आणि मग त्यांच्याही लक्षात आलं.

मंदिराच्या ओट्यावर भोपळ्यांचा ढीग होता. कुणी हिरवट, कुणी तांबूस, माझेच जातभाई. ढिगाशेजारी एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर एक भोपळा होता, हातात सुरा होता आणि तोंडावर हसू होतं, कुणीतरी फोटो काढतंय म्हणून लाजल्यासारखं. ललिताबाईंनी फोनवरच्या तिच्या हाताला बोट लावलं. फोटो सरकला. पाळकसाहेबांनी तो परत जागेवर आणला.

"पोचलं," ललिताबाई म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांना पदर सापडेना. "माहं कोहळं पोचलं. तिथल्याच वेलावून गेलं, पन पोचलं."

मी फळीवर होतो, भिंतीकडे तोंड करून. मला काही दिसलं नाही, फोटोतलं सगळं मी नंतर ललिताबाईंच्या तोंडून ऐकलं. पण एवढा आनंद मला बोटीत बसूनही झाला नसता.

ललिताबाई उठल्या, मला खाली घेतलं, धूळ पुसली आणि फूल समोर करून पाटावर ठेवलं. रऊफभाईंनी सवयीनं बाह्या वर केल्या आणि सुऱ्यासाठी हात पुढे केला.

ललिताबाईंनी सुरा दिला नाही. "ते बाई स्वतःच कापून राह्यली, रऊफभाई. पाह्यलं ना तुमी?"

"पाह्यलं, आपा."

"मंग मी कायले थांबू?"

रऊफभाईंनी बाह्या खाली केल्या. "बिस्मिल्ला म्हना," ते म्हणाले. ललिताबाई हसल्या, त्यांनी आपल्या येशूचं नाव घेतलं आणि माझ्या फुलाला धक्का न लावता बाजूनं सुरा घातला. मला दुखलं का? मित्रांनो, भोपळ्याला चिरल्यावर दुखत नाही. चिरायचा राहून गेला तर दुखतं.

त्या संध्याकाळी गूळ घालून बोंडं झाली. एक डबा पाळकसाहेबांकडे गेला, एक पदमचंदजींच्या घरी. अंगुरीबाईनं निरोप पाठवला की तिनं तेव्हा मला चिरू दिलं नाही म्हणून ही गोडी मिळाली, आणि ते खरं आहे.

आता सुरुवातीचा वाद मिटवू. मी 'आहे' म्हणालो, कारण मी आहेच. माझं बी धुऊन, राख चोळून ललिताबाईंनी वाळत घातलंय. मी तिथूनच तुमच्याशी बोलतोय. हंगामाच्या आधी मंडळीतल्या आणि गल्लीतल्या मुलांना त्या एकेक बी देणार आहेत. त्यात तुम्हीही असाल.

जाण्याआधी दोन शब्द. दूर कुणावर संकट आलं तर तुमच्या मनात पहिल्यांदा जे द्यावंसं येईल, ते चांगलंच असेल. तरी आधी विचारा, त्यांना काय हवंय. तुमची वस्तू तिकडे गेली नाही तर रुसू नका. ती वेगळ्या वेलावरून पोचेल.

आणि मला लावाल तेव्हा पहिलं फळ मुठीएवढं झालं की त्यावर पाच पाकळ्यांचं एक फूल काढा. फक्त काटा हलक्या हातानं फिरवा. तुम्ही लहान काढा, मोठं मी करीन.